धरून ठेवलेली जागा

मी घडीची खुर्ची बोलतेय. ऐकायचं असेल तर बसून घ्या, पण माझ्यावर नको. आता मला कोणाचंच वजन पेलत नाही. आणि खरं सांगायचं तर पेलत होतं तेव्हाही माझी मलाच खात्री नसायची. कोणी बसायला वाकलं की माझा जीव टांगणीला लागायचा. धरेल ना नवार? सुटणार नाही ना रिबिट? चारचौघांत कोणी पडलं तर बोल मलाच लागणार. लोक माझ्यावर रेलून निवांत व्हायचे, आणि मी खाली चारी पाय घट्ट रोवून काळजी करत उभी.

थकले आता. पण एक गोष्ट सांगून टाकावीशी वाटते.

ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या वाकवून माझा सांगाडा केला आणि हिरव्या-पांढऱ्या नायलॉनच्या नवारीने मला विणलं. तो कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ऑस्टबी गावातलं हार्डवेअरचं दुकान. बर्फ नुकतं वितळलं होतं, आमची चळत दुकानाच्या दारात मांडली होती, आणि अर्डिस नावाची एक बाई आम्हाला उलटसुलट करून पाहत होती.

"दोन दे," ती दुकानदाराला म्हणाली.

"दोन कशाला? मी उभा राहीन," मागून तिचा नवरा लॉवेल म्हणाला.

"तू उभा राहिलास की मला वाटतं तुला निघायची घाई आहे."

मला आणि माझ्या बहिणीला दोन काखांत मारून लॉवेलने गाडीत नेऊन टाकलं. त्याचं बोलणं असंच. पुष्कळसं उचलण्या-ठेवण्यातच उरकायचं.

लॉवेलचा गाईंचा गोठा होता. माणूस धिप्पाड, मान लाल, हाताला सदा दुधाचा आणि चाऱ्याचा वास. ऑस्टबीत सगळेच मुखदुर्बळ. यांचे आजे-पणजे नॉर्वेहून येताना बहुधा सामान कमी करायला शब्दच मागे ठेवून आले असावेत. 'वाईट नाही' ही तिथली सर्वांत मोठी शाबासकी. अर्डिस बटाट्याची पातळ पोळी, लेफ्से, तव्यावरून काढून लोणी-साखर लावून पुढे ठेवायची. लॉवेल खायचा आणि म्हणायचा, "वाईट नाही." ती दिवसभर खुशीत. दुसऱ्या एखाद्या गावात त्याला लाटणंच बसलं असतं.

अंगाला अंग लावायची तर बातच सोडा. मिठी मारायची ती दफनभूमीत, आणि तीही कोट घालून.

मग ही माणसं एकमेकांना आपलं म्हणायची तरी कशी, असा मला सुरुवातीला प्रश्न पडायचा. हळूहळू कळलं. ती येऊन बसायची. कोणाचा गोठा जळला, येऊन बसले. कोणाची बायको आजारी पडली, तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. कॉफी प्यायले, पावसापाण्याचं बोलले, गप्प राहिले, उठले, गेले. पण आले होते. ते सगळ्यांच्या लक्षात राहायचं.

लॉवेलची मुलगी मारित शाळेत सॉफ्टबॉल खेळायची. दुपारचं दूध काढणं भावावर टाकून लॉवेल मैदानावर हजर. जाळीमागे मला उघडायचा आणि हात बांधून बसायचा. बाकीचे आईबाप ओरडायचे, शिट्ट्या मारायचे, पंचाची आई-बहीण काढायचे. हा गप्प. बॅट घेऊन उभी राहिलेली मारित चेंडू यायच्या आधी एकदा जाळीकडे बघून घ्यायची. बापाचा आडवा देह दिसला की तिचे खांदे खाली यायचे. सामना संपला की ती येऊन विचारायची, "कसं झालं?"

"वाईट नाही."

"बाबा, आम्ही सपाटून हरलो!"

"हं," लॉवेल म्हणायचा आणि माझी घडी करायचा.

आता या गावातली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक हा ऑस्टबीतला सर्वांत मोठा सण. ट्रॅक्टर, शाळेचा बँड, अग्निशमनाची गाडी, मिठाई उधळणारी मंडळी. तर आदल्या संध्याकाळीच लोक मुख्य रस्त्याच्या कडेला आपापल्या खुर्च्या आणून मांडतात आणि घरी जातात. खुर्ची ठेवली की जागा तुमची. रात्रभर शेकडो रिकाम्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या असतात आणि एकही कोणी हलवत नाही. चोरी होत नाही असं नाही त्या गावात. पण खुर्ची म्हणजे माणूस.

एकदा बाहेरगावचा एक पाहुणा येऊन बिनदिक्कत माझ्यावर बसला. सगळी रांग वळून त्याच्याकडे बघू लागली. लॉवेलचा धाकटा भाऊ ओरिन शेजारीच होता. कुटुंबाच्या वाट्याचं सगळं बोलणं बहुतेक त्या एकट्यालाच मिळालं होतं. तो फार गोडीने म्हणाला, "बसा, बसा. लॉवेल आला की तुमच्या मांडीवर बसेल. वजनदार आहे जरा, पण स्वभावाने चांगला आहे."

पाहुणा असा उठला की मीच मागे कलंडले.

अर्डिस गेली त्या वर्षीही लॉवेलने आम्हा दोघींना नेऊन मांडलं. मिरवणूक पाहायला गर्दी लोटली, लोक उन्हात ताटकळले, पण माझ्या बहिणीवर कोणी बसलं नाही. लॉवेल माझ्यावर बसला, डावा हात तिच्या रिकाम्या हातावर ठेवून. ट्रॅक्टर आले, गेले. त्याने हात उचलला नाही.

त्यानंतर बहीण गॅरेजमध्ये खिळ्यावर गेली. मारित मिनिआपोलिसला नोकरी करू लागली, तिथेच लग्न केलं, मुलगी झाली. गाई विकल्या. मी मागच्या दारी उन्हापावसात उघडी पडून राहिले, आणि माझी नवार उन्हाने पापडासारखी ठिसूळ होत गेली. कोणाला कळलं नाही. माझं मला कळत होतं.

मग लॉवेलला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरला तो एकच हुंकार, "अंहं." बाकी सगळं समजायचं त्याला, डोळ्यांवरून दिसायचं. गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात त्याला ठेवलं. तो कुशीवरून खाली पडू नये म्हणून त्याचा पलंग एका बाजूने भिंतीला लावलेला. दुसऱ्या बाजूला एक माणूस बसेल एवढीच जागा, आणि दाराशी त्या संस्थेची एक जड आरामखुर्ची.

पहिल्या आठवड्यात मारित तिथेच होती. लहान बाळ घरी नवऱ्याजवळ ठेवलेलं, छातीत दूध दाटलेलं, डोळ्यांखाली काळं. ती बापाशेजारी यायची आणि काय करावं ते तिला सुचायचं नाही. उशी नीट करायची. पाण्याचा पेला अलीकडचा पलीकडे ठेवायची. पुन्हा उशी. परत जायच्या दिवशी तिने मला घराच्या मागच्या दारातून उचलून आणलं, पलंगाशेजारी उघडून मांडलं आणि खाली वाकून म्हणाली, "बाबा, ही इथे ठेवते. माझी जागा धरून ठेवा. मी येतेच."

तिला वाटलं, आपण नसलो तरी आपलं म्हणून काहीतरी बाबांच्या हाताशी राहील. खुर्ची बघून त्यांना धीर येईल. शहरात राहून ती पुष्कळ शिकली होती, पण ऑस्टबीची मुलगी ती. खुर्ची ठेवली म्हणजे आपण आलोच, हे तिच्या हाडात होतं.

त्याच्याही हाडात होतं. तिथेच सगळं फसलं.

लॉवेलने डावा हात माझ्या हातावर ठेवला तो काढलाच नाही. सेवा करणारी बेव्ह दुपारचं जेवण भरवायला आली आणि माझ्यावर टेकू लागली.

"अंहं!"

"अहो, दोन मिनिटं बसते. पाय मोडलेत माझे सकाळपासून."

"अंहं!" त्याने मला अशी काही पकड घातली की नळी कण्हली.

"बरं बाबा, राहू दे तुमचं सिंहासन," बेव्ह म्हणाली आणि पलंगावर ओणवी होऊन लांबून चमचा पुढे करू लागली. अर्धं सूप हनुवटीवर. ती तरी काय करणार, पुढच्या खोलीत दुसरे म्हातारे वाट पाहत होते. चार घास झाले की ताट उचलायची.

चर्चचे धर्मगुरू आले. "अंहं." उभ्यानेच प्रार्थना करून गेले. शेजारचे आले, दाराशी टोप्या हातात घेऊन उभे राहिले आणि "बरं मग" म्हणून निघाले. जिथे येऊन बसणं हीच भाषा, तिथे बसायलाच जागा नाही. हळूहळू लोक यायचे कमी झाले.

ओरिन मात्र यायचा. गुडघे गेलेले, कान अर्धे गेलेले. दाराजवळच्या आरामखुर्चीत बसून खोलीभर ओरडायचा. "लॉवेल! टोलेफ्सनची गाय व्याली! दोन! दोन वासरं!" लॉवेल इतक्या लांबून त्याच्याकडे बघायचा आणि मान पुन्हा माझ्याकडे वळवायचा.

मारितचा फोन रोज यायचा. बेव्ह तो आवाज मोठा करून उशीवर ठेवायची. मारित भरभर बोलायची, जणू कोणी मध्ये थांबवेल म्हणून. इथे बर्फ पडलं, तिथे पडलं का? बाळाचा कान दुखतोय. तिचं टूवा हे नाव लिहायला सोपं पडेल ना, नाहीतर शाळेत लोक भलतंच वाचतील. नवीन पांघरूण पाठवलंय, निळं, मिळालं का? येणार होते या शनिवारी, पण रस्ते बंद. पुढच्या शनिवारी तापच आला तिला. "ठीक आहे मग, बाबा." आणि फोन बंद व्हायचा. निळं पांघरूण चांगलं होतं. पण त्याच्या पायावरून ते घसरलं, तर वर ओढायला कोणी नसायचं.

मी काय, एक खुर्ची. माणसांचं मला काय कळणार? पण एवढं दिसत होतं, की हा माणूस दिवसेंदिवस वाळतोय आणि त्याच्या हाताच्या अंतरावर कोणी येत नाहीये, आणि कारण मी आहे. मला स्वतःहून घडी घालून घेता आली असती तर घातली असती. रात्रंदिवस रिकामं उभं राहणं हे वजन पेलण्यापेक्षा जड असतं हो. कोणी बसलं की निदान कळतं तरी, आपण कशासाठी आहोत.

मग लॉवेलच्या छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर येऊन गेले. ओरिन दाराशी बसून होता. डॉक्टर काय म्हणाले ते त्याने बेव्हकडून दोनदा मोठ्याने सांगून घेतलं आणि मग खिशातून फोन काढला. कान गेलेल्या माणसाचा फोन. पलीकडचं सगळं खोलीभर ऐकू यायचं.

"मारित, तुझी खुर्ची घेऊन जा."

"का? तुटली का, काका?"

"तुटली असती तर बरंच झालं असतं. अगं, तुझा बाप कोणाला जवळ फिरकू देत नाही. तुझी जागा राखतोय. धर्मगुरूला उभं ठेवलं त्याने! मला म्हाताऱ्याला दारात बसवून ठेवलंय, गुरांच्या बाजारात बोली लावल्यासारखं ओरडतोय मी."

पलीकडे बाळाची किरकिर. मग मारितचा बारीक आवाज. "मी त्यांना बरं वाटावं म्हणून ठेवली होती. माझं काहीतरी जवळ असावं म्हणून."

"तुझं आहे जवळ. तू नाहीयेस."

"मी रोज फोन करते काका. रोज!"

"करतेस. ऐकतो की मी. रेडिओवरच्या बातम्यांसारखं भराभर वाचून टाकतेस."

ती रडायला लागली असावी, कारण ओरिन गडबडला आणि उगाच बुटाचा बंद सोडून पुन्हा बांधू लागला.

"मी येऊन काय बोलू त्यांच्याशी?" ती म्हणाली. "ते काही बोलत नाहीत. मी गप्प बसले की मला भीती वाटते. वाटतं, काहीतरी मोठं बोलायला हवं आता, शेवटचं असल्यासारखं. आणि मला तेवढंच येत नाही. घरी मला रोज वाटतं मी वाईट आई आहे, आणि फोन ठेवला की वाटतं मी वाईट मुलगी आहे."

"तुला भाषण करायला कोण बोलावतंय, पोरी? बूड टेकायला ये फक्त. आणि लवकर ये. डॉक्टरचं तोंड काही बरं नव्हतं."

लॉवेलने हे सगळं ऐकलं. त्याच्या बोटांखाली मला त्याची नाडी लागत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मारित आली. बुटांना चिखल-बर्फ, एका खांद्यावर लंगोटांची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर टूवा. दारातच ती बोलू लागली. "बाबा, उशीर झाला, रस्त्यात ट्रक आडवा झाला होता, हिचं पोट बिघडलंय, एकदा थांबून बदलावं लागलं, मग पुन्हा एकदा..."

लॉवेलने तिच्याकडे पाहिलं. माझ्या हातावरचा त्याचा हात सुटला. इतक्या आठवड्यांनी माझ्या त्या नळीला वारा लागला.

ती कोट न काढताच बसली, बाळाला मांडीवर घेऊन. आली! मी चारी पाय रोवले. उन्हाने वाळलेली माझी एकेक पट्टी मला जाणवत होती. धर गं, मी स्वतःला म्हणत होते. आज तरी धर.

मारित बोलत राहिली. रस्ता झाला, दात झाले, नवऱ्याची बढती झाली. मग शब्द संपले. खोलीत फक्त त्याची घरघर. तिने पाण्याचा पेला अलीकडचा पलीकडे ठेवला. उशीकडे हात नेला, मागे घेतला. बाप तिच्याकडे बघत होता, ती बापाकडे, आणि दोघांमध्ये पलंगाचा उंच लोखंडी कठडा आणि मी. टूवाला कंटाळा आला. तिने दोन्ही पाय झाडून एक उडी घेतली.

चर्रर्र!

मी फाटले. मधोमध. मारितचं बूड थेट खाली जमिनीला, गुडघे हनुवटीला, आणि बाळ छातीशी वर धरलेलं. जन्मभर ज्याची धास्ती घेतली, ते चारचौघांत झालंच.

दाराजवळच्या आरामखुर्चीतून ओरिन ओरडला, "जिवंत आहेस का?"

"अडकलेय, काका!"

आणि तेवढ्यात पलंगावरून एक आवाज आला. आधी वाटलं ठसकाच लागला. पण लॉवेलचं अर्धं तोंड हसत होतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतं. टूवा त्याच्याकडे बघून खिदळली. मग मारितलाही आवरेना. ओरिनने कुरकुरत्या गुडघ्यांनी येऊन आधी बाळाला उचललं, मग तिला माझ्यातून उपसून काढलं, आणि मला लाथेने भिंतीकडे सारलं.

आता मारितला बसायला काहीच नव्हतं. ती क्षणभर उभी राहिली. मग तिने कठडा खाली केला, आणि बूट-कोटासकट पलंगावर चढून बापाच्या शेजारी आडवी झाली. जागा एवढीशी. तिला त्याच्या खांद्यावरच डोकं ठेवावं लागलं. ओरिनने टूवाला दोघांच्या मध्ये आणून ठेवलं, भट्टीत पाव सरकवावा तसं, आणि घाईघाईने मागे झाला.

लॉवेलने डावा हात मोठ्या कष्टाने उचलला. आधी तो बाळाच्या पाठीवर आला, मग सरकत सरकत मारितच्या केसांवर. कितीतरी वेळ ती अंग आखडून होती, सवयच नव्हती. मग एका श्वासाला तिचे खांदे खाली आले.

ओरिन दाराजवळची ती जड आरामखुर्ची ओढत ओढत पलंगापर्यंत घेऊन आला. थांबला. भावाकडे पाहिलं. "अंहं" आलं नाही. तो बसला आणि पांघरुणाबाहेर आलेलं लॉवेलचं पाऊल त्याने मांडीवर घेतलं. "टोलेफ्सनच्या वासरांतलं एक मेलं," तो हळू आवाजात म्हणाला. इतक्या जवळून ओरडायची गरजच नव्हती.

त्या संध्याकाळी मारितने बापाला भरवलं, अंगाला अंग लावून, तिची मान त्याच्या मानेशी. थोडंच खाल्लं त्याने. छातीतली घरघर काही थांबली नाही. मारित राहिली. पुढच्या दिवशीही राहिली, त्याच्याही पुढच्या. शेजारचे पुन्हा येऊ लागले, पलंगाच्या कडेवर टेकू लागले. लॉवेल गेला तेव्हा मारितची मान अवघडून गेली होती, इतका वेळ ती त्याच्या कुशीत निजली होती. तो जाताना ती त्याच्याशी काय बोलली, असं लोक विचारतात. मी भिंतीशी होते. ती काही बोलली नाही. तो गेला तरी बराच वेळ तिने हात काढला नाही.

आता मी ओरिनच्या अंगणात भंगाराच्या ढिगावर पडलेय. मधोमध भोक, त्यातून गवत वर यायला लागलंय. परवा मारित म्हणाली, "काका, नवी नवार घालून घेऊ या का हिला?" ओरिन म्हणाला, "बघू." मला विचाराल तर नको. पुन्हा ते रोवून उभं राहणं नको, ती धास्ती नको.

उद्या भंगाराची गाडी येईल. जायच्या आधी एवढंच मागते. तुमच्या घरातही कोणी असं पडून असेल. त्याच्याजवळ तुमच्या नावाची खुर्ची, फोन, निळं पांघरूण ठेवून निघून जाऊ नका. तो बिचारा ती जागा राखत बसेल. शब्द सुचत नसले तरी जा. कोट काढायला वेळ नसला तर कोटासकट जा. आणि शेजारी जागा नसेल, तर त्याला म्हणावं, सरक जरा.